कोल्हाच चोर कशावरून?

(आगाशी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून बोलीतली रूपे बहुतेक तशीच ठेवली आहेत.)



फलकावरचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला दारातच अडवलं. "सर, आयुष्यभर तुम्ही न्यायदर्शन शिकवलंत आणि आता एकदम ससा-कोल्हा?" प्रश्न रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की मी विषय बदललेला नाही. लहान मुलांसाठी चित्रांची रहस्यकथांची पुस्तकं असतात. त्यांत पात्रं प्राणी असतात, काहीतरी चोरीला जातं किंवा कोणीतरी नाहीसं होतं आणि कोणीतरी छडा लावतो. आता छडा लावणं म्हणजे काय? जे दिसतंय त्यावरून जे दिसत नाही तिथे पोचणं. आमच्या शास्त्रात त्याला अनुमान म्हणतात. माणसाच्या पोराला अनुमानाचा पहिला धडा तर्कशास्त्राच्या वर्गात मिळत नाही. तो आजीच्या मांडीवर मिळतो, नाहीतर अशा पुस्तकात. तो धडा बरोबर मिळतोय की चुकीचा, हे बघणं माझ्यासारख्या निवृत्त मास्तराचं काम आहे असं मला वाटतं.

ही शंका माझ्या मनात कशी आली, ते सांगतो. मे महिन्याच्या सुट्टीत नातू आला होता. त्याच्याबरोबर एक रंगीत पातळ पुस्तक. जंगलातले आंबे रोज रात्री चोरीला जातात आणि घुबड तपास करतं, अशी गोष्ट. पहिल्याच पानावर सगळ्या प्राण्यांचं एकत्र चित्र होतं. मी वाचायला सुरुवात करणार, तोच पोराने कोल्ह्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "आजोबा, हा चोर." मी म्हटलं, थांब, अजून चोरी झालेली नाही! आम्ही पुढे वाचत गेलो. ठसे आले, साली आल्या, घुबडाने चष्मा पुसला, आणि शेवटच्या पानावर निघाला कोण? कोल्हाच. पोराने पुस्तक मिटलं आणि खेळायला गेला. मी मात्र तिथेच बसून राहिलो. पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण दोष त्या एकट्याचा नाही. उत्तर बरोबर आलं होतं, पण अनुमान झालंच नव्हतं. वीस पानांत मांडलेल्या खुणांची त्या मुलाला गरजच पडली नाही. त्याला चोर जातीवरून कळला.

'जात' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. मराठीत आपण प्राण्याच्या प्रकारालाही जात म्हणतो आणि माणसाच्या समाजालाही जातच म्हणतो. "कोल्ह्याची जातच लबाड" हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते कुठवर जातं, ते शेवटी बघू.

आधी एक भेद स्पष्ट करतो. नीतिकथा आणि रहस्यकथा हे दोन वेगळे प्रकार आहेत. नीतिकथेत पात्राचा स्वभाव आधीच दिलेला असतो: कोल्हा लबाड, ससा भित्रा, गाढव मूर्ख. हा एक प्रकारचा लघुलिपीसारखा संकेत आहे. गोष्ट छोटी असते, ओळख करून द्यायला वेळ नसतो, म्हणून तो चालतो. रहस्यकथेचं उलटं आहे. तिथे स्वभाव आधीच ठाऊक असेल तर रहस्यच उरत नाही. प्रत्येक पात्रावर सारखा संशय घेता आला पाहिजे आणि निकाल खुणांवर लागला पाहिजे. हे दोन प्रकार एकत्र केले की बहुतेक वेळा नीतिकथेची सवय रहस्यकथेला गिळून टाकते. वरवर तपास चालू असतो, आत निकाल ठरलेला असतो.

मग असं म्हणायचं का, की प्राण्यांना घेऊन चांगली रहस्यकथा होतच नाही? अजिबात नाही. उलट, जगातल्या फार जुन्या आणि फार चांगल्या छडाकथा प्राण्यांच्याच आहेत, आणि त्या आपल्याच घरात आहेत. मराठीच्या छापील पुस्तकांच्या अगदी सुरुवातीलाच प्राणी भेटतात. १८०६ साली तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापल्या गेल्या. पुढे १८२८ मध्ये बापू छत्र्यांची 'इसपनीतिकथा' आली. पंचतंत्र तर त्याच्याही कितीतरी आधीपासून आपल्या तोंडी आहे.

पंचतंत्रातली बोलक्या गुहेची गोष्ट घ्या. भुकेला सिंह संध्याकाळी एका रिकाम्या गुहेत शिरून दबा धरून बसतो. गुहा असते एका कोल्ह्याची. कोल्हा परत येतो आणि दारातच थबकतो. सिंहाच्या पावलांचे ठसे आत गेलेत, बाहेर आलेले नाहीत. इसापाकडेही आजारी सिंहाच्या गोष्टीत हीच खूण आहे, आणि तिथेही ती कोल्ह्यालाच दिसते.

आता मी वर्गात हीच गोष्ट न्यायशास्त्राच्या पाच अवयवांत मांडून दाखवायचो. प्रतिज्ञा: गुहेत सिंह आहे. हेतू: कारण ठसे आत जाणारे आहेत, बाहेर येणारे नाहीत. उदाहरण: जिथे जिथे असं असतं तिथे तिथे आत गेलेला आतच असतो, जसं या सभागृहाबाहेर तुमच्या चपला आहेत, म्हणून तुम्ही आत आहात. उपनय: या गुहेचंही तसंच आहे. निगमन: म्हणून गुहेत सिंह आहे. झालं. परार्थानुमान पूर्ण.

पण कोल्हा माझ्यापेक्षा हुशार आहे. तो इथे थांबत नाही. त्याला कळतं, की गुहेला मागून वाट असू शकेल. म्हणून तो परीक्षा घेतो. गुहेला हाक मारतो आणि म्हणतो, रोज तू मला उत्तर देतेस, आज गप्प का? सिंहाला वाटतं, गुहा खरंच बोलत असणार आणि आज आपल्या भीतीने गप्प बसली असणार. तो तिच्या वतीने डरकाळी फोडतो. कोल्ह्याला पुरावा मिळतो आणि तो पसार होतो. खूण दिसली, संशय आला, पडताळा घेतला, मग निर्णय केला. चार पायऱ्या, आणि एकही गाळलेली नाही. शिवाय या गोष्टीत कोल्हा लबाड नाही. तो सावध आहे. ज्याच्या घरात दुसरं कोणी शिरलंय, असा तो एक साधा घरमालक आहे.

दुसरी गोष्ट बगळा आणि खेकड्याची. बगळा माशांना सांगतो, तळं आटणार आहे, चला, मी एकेकाला दुसऱ्या तळ्यात पोचवतो. रोज नेतो आणि वाटेत खडकावर बसून खातो. मग खेकड्याची पाळी येते. वरून जाताना त्याला खडकावर माशांच्या काट्यांचा ढीग दिसतो. तो ओळखतो आणि बगळ्याची मान आवळतो. इथे तुमच्यातलं कोणी म्हणेल, "सर, बगळा मासे खातो हे कोणाला माहीत नाही? माशांनी जातीवरूनच ओळखलं असतं तर वाचले असते!" हा आक्षेप चांगला आहे. तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही.

न्यायसूत्रांनी ज्या सोळा गोष्टी जाणून घ्यायला सांगितल्या आहेत त्यांत 'संशय' आहे आणि 'निर्णय'ही आहे. दोन्ही वेगळे मोजलेत. संशयाने विचार सुरू होतो, निर्णयाने संपतो. बगळ्याचा स्वभाव माहीत असणं माशांना संशयापर्यंत नेऊ शकलं असतं आणि ते चांगलंच झालं असतं. पण खेकड्याने मान आवळली ती काटे बघून. स्वभाव संशय पुरवतो. निर्णयाला खूण लागते. आजच्या भाषणातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. नातवाच्या पुस्तकाची चूक कोल्ह्यावर संशय घेण्यात नव्हती. संशय आणि निर्णय यांच्यामधलं अंतर त्याने पुसून टाकलं, ही चूक होती.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाहीये. पंचतंत्रात निळ्या कोल्ह्याची गोष्ट आहे. नीळ रंगवायच्या पिंपात पडून तो निळा होतो, जंगलाचा राजा होतो, आणि एके रात्री इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई ऐकून त्याला राहवत नाही, तो ओरडतो आणि मारला जातो. उंदराच्या पिल्लाची मुलगी होते आणि शेवटी तिला नवरा उंदीरच हवा असतो, ही दुसरी गोष्ट. या दोन्हींचं तात्पर्य लोक सांगतात ते एकच: जात लपत नाही. हा विचार त्या ग्रंथात आहे, तो झाकण्यात अर्थ नाही. पण त्याच ग्रंथात करटक आणि दमनक आहेत. दोघेही कोल्हेच. एक सिंह आणि बैलाची मैत्री मोडायला निघतो, दुसरा त्याला पुनःपुन्हा बजावतो की हे करू नकोस. एकाच जातीचे दोन जीव आणि दोन वेगळे स्वभाव! मूळ ग्रंथात ही वादावादी पानंच्या पानं चालते. आज मुलांच्या हातात जे बारा-सोळा पानी सार येतं त्यात जागेअभावी पहिला बळी करटकाचा जातो. उरतो एक लबाड कोल्हा आणि खाली ठळक अक्षरांत तात्पर्य.

आता खुणांबद्दलही एक सावधगिरी सांगतो. नाहीतर तुम्हाला वाटेल, ठसे दिसले की काम संपलं. चार्वाकांच्या संदर्भात एक छान गोष्ट येते. जैन आचार्य हरिभद्रांच्या 'षड्दर्शनसमुच्चया'त तिचा उल्लेख आहे आणि टीकाकारांनी ती सविस्तर सांगितली आहे. एक चार्वाकमताचा माणूस रात्री उठतो आणि रस्त्यावरच्या धुळीत बोटांनी लांडग्याची पावलं उमटवतो. सकाळी गावातले विद्वान जमतात, ठसे बघतात आणि ठरवतात, की रात्री रानातून लांडगा आला होता. तो माणूस आपल्या बायकोला म्हणतो, बघ, तू ज्यांना शहाणे समजतेस ते हे! आम्ही ही गोष्ट अनुमानावरचा आक्षेप म्हणून शिकवतो. मला अलीकडे त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या रात्री लांडगा कुठेच नव्हता. तो आपल्या रानात झोपला असेल. तरी सकाळी सगळ्यांच्या तोंडी नाव त्याचंच. ठसे बनावट होते, पण ते चटकन पटले, कारण लांडग्याबद्दल ऐकायची सगळ्यांची तयारी आधीच झालेली होती.

चित्रांबद्दल बोललो नाही तर विषय अर्धाच राहील. या पुस्तकांत चित्र म्हणजे नुसती सजावट नसते. मजकूर म्हणजे कोणीतरी सांगितलेलं, आमच्या भाषेत शब्दप्रमाण. चित्र म्हणजे मुलाने स्वतः पाहिलेलं, म्हणजे प्रत्यक्ष. चांगल्या पुस्तकात या दोघांत फट ठेवलेली असते आणि मूल त्या फटीत शिरून विचार करतं. पॅट हचिन्स यांचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक' बघा. कोंबडी फिरायला निघते, मजकूर फक्त तिची वाट सांगतो. तिच्या मागे कोल्हा लागलाय हे मजकुरात कुठेही नाही. ते फक्त चित्रात. जॉन क्लासन यांचं २०११ सालचं 'आय वॉन्ट माय हॅट बॅक' तर सरळ तपासाचंच पुस्तक. अस्वलाची टोपी हरवते, ते एकेका प्राण्याला विचारत जातं. ससा म्हणतो, मी नाही पाहिली, मला कशाला विचारतोस? आणि चित्रात त्याच्या डोक्यावर लाल टोपी आहे! अस्वल आभार मानून पुढे जातं. ऐकणारं पोर मात्र ओरडायला लागतं. या पुस्तकात दोन गोष्टी मला आवडतात. चोर निघतो तो ससा, म्हणजे गरीब बिचारा. आणि तो जातीमुळे पकडला जात नाही, डोक्यावरच्या टोपीमुळे पकडला जातो. शेवटी अस्वलाने सशाचं काय केलं, तेही मजकूर सांगत नाही. ते मुलाने अस्वलाच्या बोलण्यावरून ओळखायचं. तो शेवट थोडा अंगावर येतो, हे कबूल करतो.

याउलट आपल्याकडे बोलक्या गुहेच्या चित्रात पुष्कळदा काय असतं? गुहेच्या तोंडातून सिंहाचं डोकं बाहेर आलेलं. अहो, मग कोल्ह्याने शोधायचं काय आणि मुलाने तरी काय? त्या पानावर धूळ हवी, ठसे हवेत आणि काळोख हवा. चोराच्या डोळ्यांवर काळी पट्टी, कोल्ह्याच्या भुवया तिरक्या, दात बाहेर, असं रंगवलं की चित्रकारानेच निकाल दिला. लेखकाने वीस पानं कितीही खुणा पेरल्या तरी त्या वाया गेल्या.

पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतही हा दोष आहे बरं का. ईव्ह टायटस यांनी १९५८ साली उंदरांचा शेरलॉक होम्स लिहिला, 'बेसिल ऑफ बेकर स्ट्रीट'. होम्सच्याच घराच्या तळघरात उंदरांची वस्ती आहे. कल्पना गोड आहे. त्यावर डिस्नेने १९८६ साली चित्रपट काढला. त्यातला खलनायक रॅटिगन हा घूस आहे, पण आपल्याला घूस म्हटलेलं त्याला खपत नाही. तो स्वतःला मोठा उंदीरच म्हणवून घेतो. आणि शेवटी काय होतं? कपडे फाटतात, नखं बाहेर येतात आणि आतली घूस उघडी पडते. म्हणजे पुन्हा निळा कोल्हाच. तीस वर्षांनी त्याच कंपनीने 'झूटोपिया' काढला, २०१६ साली. तिथे मांसाहारी प्राणी अचानक हिंस्र होऊ लागतात. पोलीस असलेली ससुली पत्रकारांसमोर बोलून जाते, की हे त्यांच्या स्वभावातच असावं. तिचा मित्र कोल्हा ते ऐकून दुखावतो. पुढे छडा लागतो तो एका फुलापासून काढलेल्या विषाचा, आणि सूत्रधार निघते मेंढी. इथे तपास करणारी स्वतःच स्वभावावरून निकाल देते, चुकते आणि ती चूक कबूल करून मागे फिरते. चूक कबूल करणारा हेर मुलांच्या गोष्टीत फार क्वचित भेटतो.

पण चुकीच्या निकालाची सगळ्यात मोठी गोष्ट आपलीच आहे. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचं नावच 'अपरीक्षितकारक'. म्हणजे न तपासता करून बसणारा. त्यात मुंगसाची गोष्ट आहे. ती तुम्हाला पाठ असेल. बाई पाणी आणायला जाते, पाळण्याजवळ पाळलेलं मुंगूस. परत येते तर मुंगसाच्या तोंडाला रक्त. ती हातातली घागर त्याच्या अंगावर टाकते. मुंगूस मरतं. आत बघते तर बाळ खेळतंय आणि बाजूला सापाचे तुकडे.

या गोष्टीत खूण खोटी नव्हती, हे नीट लक्षात घ्या. रक्त खरं होतं. मुंगसाने जीव घेतला, हेही खरं होतं. चूक झाली ती एका पायरीवर: हे रक्त आणखी कोणाचं असू शकेल का, हा प्रश्न तिने विचारला नाही. आम्ही अशा हेतूला सव्यभिचार म्हणतो. खूण इकडेही लागू पडते आणि तिकडेही. आणि तो प्रश्न तिने का विचारला नाही? कारण बाहेर जातानाच तिच्या मनात होतं, की कितीही केलं तरी जनावराची जात, भरवसा काय? संशय तिने घरातून बरोबर नेला होता. परतल्यावर त्याचाच निर्णय झाला. पाळण्यापर्यंतची चार पावलं राहिली.

आता शेवटची गोष्ट सांगतो, कारण ती एका अर्थाने आपल्या बाजूची आहे. आपण बसलोय तिथून सोपारा जवळच आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला 'बुरुड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला आणि आत बौद्ध स्तूप निघाला. लोक राजाचा कोट म्हणत होते; खणून बघितल्यावर ते वेगळंच ठरलं. म्हणजे जातककथा ज्यांच्या तोंडी होत्या ती माणसं या किनाऱ्यावर वावरलेली आहेत. दुर्गाबाई भागवतांनी जातकं मराठीत आणली. चिमणरावांचे चि. वि. जोशी पालीचे जाणकार. त्यांनीही निवडक जातककथा मराठीत दिल्या. त्या जातकांत दुद्दुभ जातक आहे. पश्चिम समुद्राजवळ ताडाच्या आणि बेलाच्या झाडांचं एक बन. तिथे ताडाच्या रोपाखाली एक ससा राहतो. ही जागा अर्नाळ्याचीच, असं मी म्हणणार नाही, पण समुद्र पश्चिमेचा आहे आणि ताड तर आपल्या दारात आहेत!

तर ससा पडल्या पडल्या विचार करतोय, की पृथ्वी फुटली तर माझं काय होईल? नेमकं तेव्हाच एक बेलफळ ताडाच्या पानावर धाडकन पडतं. ससा उठतो आणि पळत सुटतो. त्याच्यामागे दुसरा ससा, मग हजारो ससे, मग हरणं, डुकरं, म्हशी, गेंडे, वाघ, हत्ती. सगळं रान धावतंय. आपल्याकडे हीच गोष्ट आभाळ पडल्याची म्हणून सांगतात आणि मुलं हसतात. सशाचा भित्रेपणा एवढंच तात्पर्य आपण काढतो. पण मूळ गोष्टीचा नायक ससा नाही. नायक आहे सिंह, म्हणजे बोधिसत्त्व. तो काय करतो बघा. आधी डरकाळ्या फोडून सगळ्यांना थांबवतो, कारण पुढे समुद्र आहे आणि सगळे बुडाले असते. मग विचारतो, पृथ्वी फुटताना कोणी पाहिली? हत्ती म्हणतात, सिंहांना ठाऊक. सिंह म्हणतात, वाघांना ठाऊक. वाघ गेंड्यांकडे बोट दाखवतात. असं करत करत हरणं सशांकडे आणि ससे त्या एका सशाकडे. म्हणजे ऐकीव गोष्टीची साखळी तो एकेक कडी मागे नेत पहिल्या साक्षीदारापर्यंत पोचतो. तिथेही थांबत नाही. सशाला पाठीवर घेऊन जागेवर जातो. पानावर पडलेलं बेलफळ बघतो आणि परत येऊन सगळ्यांना सांगतो. सशाला तो शिक्षा करत नाही, त्याची टिंगलही करत नाही. मुलांना देण्यासारखी याहून चांगली तपासकथा मला माहीत नाही. आणि चित्रकाराला काय संधी आहे! एका पानावर धावणारं अख्खं रान आणि शेवटच्या पानावर एक बेलफळ.

हे मी आगाशीत बसून का सांगतोय, तेही बोलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागत फिरणारे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा चालक असेच मारले गेले. चोर आलेत, मुलं पळवणारे आलेत, अशा अफवा त्या भागात आधीपासून होत्या. दोन्हीकडे "कोणी पाहिलं?" हा प्रश्न मागे मागे नेणारा कोणी नव्हता, किंवा असला तरी त्याचा आवाज पोचला नाही. राईनपाड्याला आणखी एक गोष्ट होती. फिरस्त्या माणसावर संशय घेण्याची सवय आपल्याला फार जुनी आहे. १८७१ साली इंग्रजांनी कायदाच केला होता, की अमुक जमाती जन्मानेच गुन्हेगार. तो १९५२ साली गेला. पण लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा, म्हणजे कायदा जाऊनही नजर कशी राहते ते कळेल. त्या नजरेचं सार एका वाक्यात सांगता येतं: चोर जातीवरून कळतो. माझ्या नातवाने पहिल्या पानावर बोट ठेवलं, ते याच वाक्यावर.

एखादं बालपुस्तक जमाव थांबवेल, असं मी म्हणत नाही. इतका भाबडा मी नाही. पण प्रश्न विचारण्याची सवय लहानपणी लागते किंवा लागत नाही. म्हणून वाचनालयासाठी, नातवंडांसाठी असं पुस्तक निवडताना दोन गोष्टी बघा. गोष्ट झाकून, फक्त पहिलं चित्र दाखवून मुलाला विचारा, चोर कोण? त्याने बिनचूक ओळखला, तर पुस्तक कच्चं आहे. आणि शेवटच्या पानावर विचारा, तुला कसं कळलं? त्याने मागची पानं उलटून एखादी खूण दाखवली, तर पुस्तक पक्कं आहे. घेऊन टाका.

आणि कोल्ह्याबद्दल एक सांगून थांबतो. आपल्या खाडीकाठच्या तिवरांत कोल्हे आहेत. खेकडे खातात, माणसाला टाळतात. रात्री ओरडले तर मुलांना गच्चीवर नेऊन ऐकवा. आपण लबाड आहोत, हे त्या बिचाऱ्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

 कोणाला काही विचारायचं असेल तर अवश्य विचारा.